आईने पसंत केलेली फरशी

घाटकोपर, मंगळवार

आदरणीय नलिनीताई,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळे मजेत आहोत (हे वाक्य सवयीने आलं, त्यावर फार विसंबू नकोस). तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र पाठवतोय, कारण तुझा फोन हल्ली आईच उचलते आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये.

तुला माहीतच आहे, आपल्या घरातली जुनी मोझॅकची फरशी काढून नवी टाइल घालायचं ठरलं. तुझ्या भावजयीला, सुगंधाला, हॉलमध्ये पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी टाइल हवी होती. तुझ्या भाच्याला, विकीला, त्याच्या खोलीत लाकडासारखी दिसणारी. मला काहीच मत नव्हतं (होतं, पण कुणी विचारलं नाही). आईला अंधेरीच्या दुकानात नेलं ते निव्वळ तिचा मान राखायला, आणि तिथेच घोटाळा झाला. सेल्समनने अदबीने पाण्याचा ग्लास दिला. आई दोन घोट प्यायली, उरलेलं पाणी पांढऱ्या टाइलवर ओतलं आणि त्याला म्हणाली, "आता चाल बाळा यावरून." बिचारा तीन पावलं चालला. चौथं पाऊल त्याने टाकलं नाही, ते आपोआप गेलं. त्याला उठवून होईतो आई पिशवी उशाला घेऊन आडवी झालेली. तिचं म्हणणं असं की उन्हाळ्यात दुपारी ती कायम उघड्या फरशीवर झोपते, तेव्हा फरशी झोपूनच पाहिली पाहिजे. लाकडी टाइलवर तिने पाच मिनिटांत कूस बदलली, पांढरीवर अंग सरकतं म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या एका करड्या, खरखरीत टाइलवर गेली ती चक्क घोरायला लागली. एक जोडपं थांबून बघत राहिलं. त्यांना ती कंपनीची जाहिरात वाटली. टाइलचं नाव लिहून घेऊन गेले. सेल्समन माझ्या कानात म्हणाला की ही टाइल लोक पार्किंगला लावतात.

घरी आल्यावर सुगंधाचा पारा चढला. हॉलमध्ये पार्किंगची फरशी घातली तर पाहुणे स्कूटर घेऊन आत येतील म्हणाली. आई म्हणाली, या वयात मी पडले तर उठायची नाही, मग बसा फरशीत तोंड बघत. ताई, दोघींचंही खरं होतं, आणि अशा वेळी माझी वाट लागते. मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं, दोघींना हो म्हटलं. 'तुझीच फरशी घालतो' असा आईला शब्द देऊन तिला तुझ्याकडे कांदिवलीला पाठवलं, 'आईला कबूल आहे' असं सुगंधाला सांगितलं आणि पांढरी टाइल घातली. आईने आजवर स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं आणि मी तिला फसवलं, याची मला फार लाज वाटते.

फरशी दिसते मात्र झकास. चालायची थोडी सवय करावी लागते, इतकंच. विकी भिंत धरून बाथरूमला जातो. चंपाबाईंनी ओलं फडकं मारायचं बंद केलंय, त्या कोरड्यानेच पुसतात आणि पुसतानाही बसून सरकतात. पाहुणे आले की आम्ही त्यांना सोफ्यावर बसवतो आणि निघेपर्यंत हलू देत नाही.

दाजींना जयभीम सांग.

तुझा भाऊ,
भाऊराव

ता.क. १ : येत्या रविवारी तू आईला आणून सोडणार आहेस, ते महिनाभर लांबव. सिमेंट अजून सुकलं नाही म्हण, विकीची परीक्षा आहे म्हण, काहीही म्हण.

ता.क. २ : अक्षर माझं नाही, हे तू ओळखलं असशील. गुरुवारी हॉलमध्ये मोबाइल वाजला म्हणून मी लगबगीने उठलो. उजवं मनगट मोडलंय. मी सांगतोय आणि सुगंधा लिहितेय. बोलण्याच्या भरात लक्षात आलं नाही, पण आईला दिलेल्या शब्दाचं तिला आत्ता लिहिताना कळलं. ती नुसती लिहीत राहिली. मला जरा भीती वाटतेय.

ता.क. ३ : ताई, हे माझं, सुगंधाचं. हे गोळी घेऊन झोपलेत. पत्र संपल्याबरोबर मी आईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी येईपर्यंत त्याला पलंगावरून उतरू देऊ नको गं." मला रडू आलं. मी दुकानात करड्या फरशीची ऑर्डर दिली आहे, तेव्हा रविवारी आईंना नक्की घेऊन या. पुन्हा दोघींना एकाच वेळी हो म्हणणार नाही, असं यांच्याकडून लिहून घेणार होते, पण हात प्लास्टरमध्ये आहे. डावा अंगठा मोकळा आहे. तुम्ही आलात की साक्षीदार म्हणून सही करा.