तात्यांची कापलेली वाक्यं

१३ एप्रिल, रविवार
अंक दुसरा अजून अडलेलाच. वाचनालयातली ती कादंबरी चौथ्यांदा वाचली. कव्हर नाही, पहिली आठ पानं वाळवीच्या पोटात, त्यामुळे नाव काय नि लेखक कोण ते देव जाणे. तापट खलाशी, त्याचं जहाज फुटतं, बेटावरच्या दीपगृहाचा म्हातारा राखणदार त्याला ठेवून घेतो. पुढची चाळीस पानं म्हातारा बोलतो आणि एक्केचाळिसाव्या पानावर खलाशी शहाणा! असं असतं होय? बोलण्याने माणूस सुधारत असता तर आईच्या तोंडाने मी आज कलेक्टर असतो.
देवळातली पूजा १० मे, यावरचं आमचं नाटक त्याच दिवशी. म्हातारा करणार तात्या. खलाशी मी, त्याचं नाव रामजी ठेवलंय. लिहिणाराही मीच. शिव्या खाणाराही.

१६ एप्रिल
दिवसभर बंदरात. होड्यांची दोन इंजिनं उघडली, एकही धड बंद केलं नाही. शेठ बडबडला. बडबडू दे.
हात पुसताना सुचलं. मला तात्यांनी काय शिकवलं? त्यांचं एकही भाषण आठवत नाही. एकोणिसाव्या वर्षी काम दिलं नाही म्हणून तालमीत खुर्ची फेकली होती मी. गावचं नाट्यमंडळ म्हणालं, हाकला याला. तात्या तेव्हा प्रॉम्प्टर, विंगेत वही घेऊन. एवढंच म्हणाले, "पडदा वडायला ठेवा त्येला." दोन वर्षं पडदा ओढला. हाताला घट्टे. दुसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की सगळ्यांची वाक्यं मला पाठ आहेत, आणि कोण कुठे श्वास घेतो तेही. खुर्ची परत कधी फेकली नाही.
घरी येऊन एका बैठकीत प्रवेश लिहिला. म्हातारा उपदेश करतच नाही. रोज दिव्याची काच रामजीच्या हातात देतो. "पूस." रामजी पुसतो. म्हातारा उजेडात धरून बघतो. "पुन्हा पूस." तीन वर्षं तेवढंच. वीणाला वाचून दाखवलं. बायको असून गप्प बसली, म्हणजे आवडलं.
मग म्हणाली, "आणि तात्यांची मोठी मोठी वाक्यं?"
कापली.

१७ एप्रिल
खरं ते लिही, नंद्या. गेल्या तालमीत तात्या तीनदा अडले. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कोण. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माणूस. वाक्यं कापली ती नाटकासाठी, की तात्या विसरतात म्हणून?
नाटकासाठी. बहुतेक.

२२ एप्रिल
मंडळाचा अध्यक्ष दिनेश, त्याचा मुंबईहून फोन. "म्हातारा स्टेजवर गप्प झाला तर हसं होईल. माझा मेव्हणा करेल, तो तिकडे नाटकांत कामं करतो." मी ठाम नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. स्वतःचाच राग येतोय. शेवटी ठरलं, देवाला विचारायचं. आपल्याला तोंडावर बोलायचं नसलं की देव बरा.

२७ एप्रिल, रविवार
कौल लावला. गुरवाने पाषाणाला उजवी-डावीकडे फुलांचे कळे चिकटवले, गाऱ्हाणं घातलं. तात्यांनी काम करावं असं असेल तर उजवी दे, नको असेल तर डावी दे. आम्ही पाचजण हात जोडून. मी मनात काय म्हणत होतो ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. डावी दे म्हणत होतो. सुटलो असतो.
उजवा कळा पडला. दिनेश फोनवर "ठीक आहे मग."
देवळातून बाहेर आलो. लाज वाटली.

२९ एप्रिल
तात्यांना कळलं. गावात काय लपतं? तालमीला आले नाहीत, म्हणून गेलो. पडवीत बसले होते. नवीन स्क्रिप्ट मांडीवर, कापलेल्या जागी बोट.
"नंद्या, देवाला इचारलंव. मला नाय इचारलंव."
मी पडवीच्या पायरीवर बसलो.
"माजी वाक्यं का रं कापलीस?"
म्हटलं, तात्या, प्रवेश तसाच बरा होतो, तुम्ही मला शिकवलंत तसाच. खरं होतं ते. पण तोंडातून खोट्यासारखं बाहेर पडलं. मी अर्धं सांगितलं होतं, नि त्यांनी ते ओळखलं.
"मी इसारतंय म्हणून न्हवं ना?"
"नाही" म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की त्यांना उत्तर मिळालं.

४ मे, रविवार
तात्या नाहीत. तालमीत म्हाताऱ्याच्या जागी रिकामी खुर्ची. मी एकटाच पुसतोय आणि "पुन्हा पूस" प्रॉम्प्टर वाचतोय. हास्यास्पद. दिनेशचा मेव्हणा उद्या येतोय, "स्टँडबाय".

७ मे
मेव्हण्याने काम छान केलं. आवाज, उभं राहणं, सगळं. "पुन्हा पूस" असं काही म्हणाला की पोरी हसल्या. मला रामजी सापडेना. काच पुसताना मला फक्त माझेच हात दिसत होते.

८ मे
सकाळी परत तात्यांकडे. सगळं सांगितलं. विसरता म्हणूनही कापली, नाटकासाठीही कापली, दोन्ही. आणि कौलाला डावी मागत होतो तेही. तात्या ऐकत राहिले. तात्यांची सून, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "आज त्यांचा दिवस बरा नाय, भावजी." किती पोचलं कुणास ठाऊक. रडू आलं, तिथेच. वहिनींनी कोकम सरबत दिलं.

१० मे, शनिवार
चारला देवळात पोचायचं आहे. मंडप झालाय, मुंबईकर आलेत, मेव्हणा दाढी चिकटवून तयार आहे.
सकाळी नाटकाच्या प्रॉपर्टीच्या पेटीत कंदील होता, काच नव्हती. शोध शोध शोधली. कोणीतरी म्हणालं, काल तात्या येऊन गेले.
धावत गेलो. पडवीत काच घेऊन बसले होते, शेजारी राख नि फडकं. मला बघून काच पुढे केली. "पूस."
पुसली. त्यांनी उन्हात धरली, डोळा बारीक करून बघितली. परत दिली.
"पुन्हा पूस, रामजी."
तालीम करत होते, की मला खरंच रामजी समजत होते? वहिनींकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली. या वेळी मात्र "चारला येणार ना?" असं मी सरळ तात्यांनाच विचारलं.
ते काचेकडेच बघत होते.
मी पुन्हा पुसायला घेतली.