भुऱ्याचा ताप उतरला, मोठी आई

प्रिय मोठी आई,

आज सकाळी भुऱ्यानं भात खाल्ला. ताटली चाटूनपुसून शेपूट हलवत वर माझ्याकडे बघत बसला, अजून दे म्हणून. ही बातमी तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तू गेल्यापासून तो आमच्याकडे भद्रावतीला असतो, आणि चार-दोन दिवस तापानं फणफणला होता. तुझं एकुलतं एक लेकरू माझ्या हातून जातं की काय, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नाक कोरडं म्हणजे ताप, असं सगळी कॉलनी मला सांगत होती. आपल्याकडे उन्हाळ्यात कोणत्या कुत्र्याचं नाक ओलं असतं गं? मी कान चाचपले, मांडीच्या आत हात लावून पाहिला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि तडक त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. हे सगळं तुझ्याच घरी शिकले.

तो मे महिना आठवतो ना? मी सुटीत गावी आले होते. भुऱ्यानं खाणं टाकलं आणि डोळे मिटून पडून राहिला. तू लांबूनच पाहिलंस आणि निकाल दिलास, "याले ऊन लागलं." मे महिन्यात माणूस पडो की बकरी, आपल्याकडे सगळ्यांना ऊनच लागलेलं असतं! तू कैऱ्या उकडल्यास, गर त्याच्या पोटाला, पंज्यांना चोळलास आणि वर ओलं पोतं पांघरलंस.

भुऱ्या पोतं झटकून उठला आणि लडखडत जाऊन भर उन्हात झोपला. तू त्याला उचलून सावलीत आणलंस, तो पुन्हा उन्हात. आता तू त्याला बांधून ठेवणार, असं मला वाटलं. तुझा हट्टीपणा काय, गावाला माहीत होता. पण तू पदराला हात पुसलेस आणि त्याच्याजवळ उकिडवी बसलीस.

"शालू, ऊन लागलेला उन्हात काऊन जाईन वं? याले थंडी वाजून राह्यली. हा ताप आहे."

मग त्याला पुसून तू रोज बाजाराला मासे न्यायच्या टोपलीत बसवलंस आणि वरून फडकं टाकलंस. एसटीत कुत्रं कोण घेणार? कंडक्टर तुझ्या रोजच्या ओळखीचा. टोपलीकडे बघून तो म्हणाला, "बाई, आज मासे हालून राह्यले."

"जित्ते आहेत, म्हून हालते," तू शांतपणे म्हणालीस.

फडक्याबाहेर शेपटी लोंबत होती. त्यानं खिडकीबाहेर बघत तिकीट फाडलं. मला हसू दाबून दाबून ठसका लागला.

डॉक्टरांनी शेपटीखाली थर्मामीटर लावलं, तर पारा एकशेपाचावर. "कुत्र्याचं अंग आपल्याहून गरमच असते," ते म्हणाले. "एकशेदोनपर्यंत घाबराचं नाई. पण हा खरा ताप आहे." हिरड्या फिक्या पडल्या होत्या. त्यांनी कानाच्या आतून टपोरे गोचीड काढून दाखवले. हा ताप त्या गोचिडांनीच दिलेला.

तू कनवटीची डोकेदुखीची गोळी काढून विचारलंस, "हे अर्धी देऊ काय?" डॉक्टरांनी ती काढूनच घेतली. माणसाची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते, म्हणाले. पाणी थोडं थोडं पाजा, सावलीत ठेवा, पंजे साध्या पाण्यानं पुसा, ओलं पोतं मात्र नको. तू, जिनं आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, ती मान हलवत होतीस.

डॉक्टरांनी टोचलेल्या सुया लागू पडल्या. भुऱ्या पुन्हा तलावाच्या पाळीवरून तुझ्या मागे हिंडायला लागला. संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तू कानातले गोचीड वेचायचीस आणि रॉकेलच्या डब्यात टाकायचीस. त्याला ते फार आवडायचं. मला तुमच्याजवळ नुसतं बसायला आवडायचं.

पण मोठी आई, मग स्वतःचं काय केलंस? गेल्या हिवाळ्यात मी आले, तर तू चुलीपासून हलेनास. विचारलं तर म्हणालीस, "थंडीच आहे पोरी, दुसरं काय." मला हातही लावू दिला नाहीस. कुत्र्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेणारी तू, स्वतःचा ताप मात्र अंगावर काढलास आणि त्यातच गेलीस. एसटी तीच होती ना? याचा राग आहे मला, आणि तो जाणार नाही.

भुऱ्या आता दारात पसरलाय, पोट भरल्यासारखा घोरतोय. आणि मी या उकाड्याच्या दुपारी अंगावर चादर घेऊन लिहितेय. कालपासून कणकण आहे. यांनी विचारलं तेव्हा मीही म्हणाले, काही नाही, थंडीच आहे.

शब्द देते तुला, हे पत्र झालं की यांना खरं सांगते आणि दवाखान्यात जाते.

तुझीच,
शालू