हेन्नाला न मिळालेल्या गोळ्या

ताउनो,

गाढ झोपलायस म्हणून उठवलं नाही. आज आपल्या हेन्नाचा वाढदिवस आहे, तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावून येते. तू मागोमाग येऊ नकोस. चढण चढलास की बीपी उसळतं तुझं.

काल तुझ्या कोटाचं अस्तर शिवायला घेतलं, तर आत तुझ्या गोळ्या सापडल्या. माझ्यादेखत तोंडात टाकतोस आणि पाठ वळली की काढून ठेवतोस, होय ना?

रागावले नाही रे. आपल्या पोरीलाही मूत्रपिंडावर तुझ्यासारखीच गाठ होती. छाती धडधडायची, घामाने निथळायची, आणि सगळे म्हणायचे, "फार मनाला लावून घेते." त्या गाठीनेच तिचं बीपी चढत होतं, हे ती गेल्यावर कळलं. ही गाठ रक्ताच्या नात्यात चालते, म्हणून तिच्यामुळेच तुझी तपासणी झाली. तिला मिळालं नाही ते औषध तुझ्या घशाखाली उतरत नाही, हे मला कळतं.

पण डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? या गोळ्यांनी बीपी ताब्यात आल्याशिवाय त्या गाठीच्या ऑपरेशनला हात लावणार नाहीत. आधी गोळी घे. मग काळा पाव आणि खारा मासा खा. इतर बीपीवाल्यांसारखं नाही, या गोळ्यांबरोबर तुला मीठ चालतं, उलट हवंच आहे. भरपूर पाणी पी. एकदम उठू नकोस, चक्कर येईल.

तिचं पहिलं पाऊल पाहिलेली आपण दोघंच आहोत, ताउनो. तू गेलास, तर मी ते कुणाबरोबर आठवू?

आइला