सिकंदराच्या राणीचं कुंकू

श्रावण व. ४, सन १९४९
नेनेमास्तर आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सिकंदराचं नाटक बसवतायत, बालीगंजच्या हॉलात. राणीच्या कामाला आमची सून हवीय. बायकांची कामं आता बायकांनीच करायची म्हणे. सुमन माझ्याकडे न बघता हो म्हणाली. सिकंदर कोण, तर ब्यांकेतला गोडबोले. जग जिंकणार! ट्रामचा दांडा धरवत नाही मेल्याला.

व. ७
तालमीतलं कळलं. सिकंदर मरतो, राणी कुंकू पुसते, बांगड्या फोडते.
मास्तरांना विचारलं, "त्या यवनाच्या बायकोला कुंकू कुठलं हो?"
"आजी, त्याशिवाय तो मेला हे आपल्या लोकांना पोचणार कसं?"
"मग त्याला मारा नीट."
हसले. मी नाही हसले. दत्तू माझा इथल्या हिंदू-मुसलमान दंग्यात कचेरीतून परतला नाही, त्याला तीन वर्षं झाली. प्रेत नाही, कागद नाही. सुमनचं कुंकू मीच पुसू दिलं नाही. पोटचा पोर आहे, कुणी सांगितलं म्हणून मेला धरू?

व. १०
सुमनला म्हटलं, काम सोड. अपशकुन आहे.
म्हणाली, "आई, हळदीकुंकवाला निम्म्या बायका मला लावतात, निम्म्या पुढे सरकतात. मी कोण, ते तुम्ही तरी सांगा."
मी उठून तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलेलं असताना!

भाद्रपद शु. ६
संध्याकाळी नाटक झालं. गोडबोले मरताना पण घामाघूम. मग सुमन. हुंदका नाही, काही नाही. तळहातानं सावकाश पुसलं. मग परत एकदा पुसलं, राहिलेलं. मग टाळ्या. माझं पुसलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.


शु. ७
सकाळी न्हाऊन आली. कपाळ मोकळं. तशीच कणीक मळायला बसली. नात विचारते, "आई, कुंकू विसरलीस?" ती मळतच राहिली.
करंडा मीच काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "तुझं तू बघ." लाव म्हणायचं होतं. तोंडातून हे आलं.
हात कणकेचे, नजर करंड्यावर. तिथं उभं राहवेना. इथं येऊन लिहितेय.
स्वैपाकघरातून अजून काही आवाज नाही.