कोंबड्यांना घातलेला मका

आबा, सहा वर्षांपूर्वी मी काम करते त्या कृषी केंद्राच्या वहीत मी लिहिलं होतं, की नव्या मक्याचा मऊ दाणा आपल्या कार्ले गावच्या जमिनीत आपोआप कडक झाला. ते चूक आहे. आपोआप नाही, तुम्ही केला. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हीच नाही, तरी आधी तुम्हालाच सांगते, कारण राग तुमचाच येतोय.

बियाणं मीच आणलं होतं. यातलं प्रथिन अंगी लागतं, दाणा मऊ असला तरी तोच पेरायचा, एवढंच सांगितलं होतं. पहिलं पीक निघालंय आणि तुम्ही ओसरीवर बसून एकेक दाणा दाताखाली धरताय. "ह्यो दाना हाय का खडू? आसलं बी कुनी ठेवतं व्हय?" मी म्हणते, "आबा, मऊ हाय म्हूनच सकस हाय." "शाळंत ह्येच शिकलीस?" म्हणून तुम्ही हसता. कट्कन वाजेल तो दाणा बियाण्याच्या डब्यात, मऊ सगळा कोंबड्यांना. त्या वर्षी अंडी ठेवायला टोपली पुरेना, तेव्हा आईला काय म्हणालात? "साहेबाचा मका कोंबड्यांस्नीच मानवला बग." अहो, मानवणारच. चांगला सगळा त्यांनीच खाल्ला.

कडक दाणे निघाले ते शेजारच्या शेतातल्या गावठी मक्याचा पराग आपल्या कणसांवर पडून. तुम्ही नेमके तेच निवडलेत, पुढे आईनेही दरवर्षी तुमच्यासारखेच. त्याच कणसातला दाणा, म्हणजे तोही सकसच असणार, असं मी धरून चालले. केंद्राच्या साहेबांनी शाबासकी दिली, बी वाढवायला घेतलं. परवा तपासणी झाली: प्रथिन गावठी मक्यासारखंच. आणि येत्या शुक्रवारी हे बी सकस म्हणून सुदुंबऱ्यात वाटायचं आहे. ज्या घरांत पोरांना दूध मिळत नाही, ती घरं याच्याच कण्यांवर भरवसा ठेवतील. कडक आणि सकस असा दाणा करता येतो, आबा, पण तो दाताला कळत नाही. दर पिढीला तपासावा लागतो.

तपासणीचा कागद अजून माझ्याच पिशवीत आहे. साहेबांना सांगताना सगळं तुमच्यावर ढकलणं सोपं आहे. पण त्या दुपारी तुम्ही मूठभर दाणे माझ्यापुढे सरकवलेत, मी पहिला कडक दाणा बरोबर ओळखला आणि तुम्ही म्हणालात, "आता कळाया लागलं तुला." त्यानंतर डबा भरेपर्यंत मीही निवडत बसले होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र तुमच्या त्या डब्यात ठेवते आणि साहेबांकडे जाते, वाटपाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ऑफिस उघडताच.