शंभरातले किती पोचले

४ मार्च, मंगळवार

बँकेने आज तोंडावर सांगितलं — इथून शंभर पाठवलेत तर तिकडे नव्वद पोचतील! मग दहा कुठे जातात? काचेपलीकडची बाई म्हणाली, "मावशी, एक आमचा आकार, एक मधल्या बँकेचा, एक तिकडच्या बँकेचा." तीन तीन आकार! आणि माझे पैसे तेवढे निराकार.

नवं कापड पहिल्या पाण्यात आटतं. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते, बोटभर जास्तीचं आणा. पैशाचंही तेच दिसतंय. आटणार हे धरूनच चालायचं, कुठे कमी आटतं तेवढं बघायचं.

धाकटा भाऊ कामाला होता तो कारखाना थंडीत बंद पडला. परक्या देशात, बिनकामाचा, एकटा. बावन्न वर्षांचा आहे, पण माझ्या पाठचा, मला अजून चड्डीतलाच दिसतो. डिसेंबरपासून दर महिन्याला शिलाईतले पैसे पाठवतेय. तीनदा पाठवले, कोपऱ्यावरच्या दुकानातून, डोळे मिटून. परवा वरच्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली, "काकू, तो लुटतो तुम्हाला!" म्हणून ही चौकशी.

५ मार्च

कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर हातभर पाटी — 'पैसे पाठवा, खर्च शून्य!' आत एक टायवाला बसतो. उन्हाळा असो, पंखा बंद असो, टाय आहेच.

म्हटलं, "शून्य म्हणजे शून्य ना?"

"एकदम शून्य, मावशी."

"मग शंभराचे तिकडे किती होतात?"

जरा चुळबुळला. "त्र्याण्णव. ते भावात जातात. खर्च नाही तो."

म्हणजे खिसा कापला नाही, नुसता उसवला! तरी बँकेपेक्षा तीन वाचतात.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "तोच बरा. माणूस ओळखीचा आहे."

ओळखीचा कधी झाला? हे तर कोपऱ्यावर फिरकतसुद्धा नाहीत.

७ मार्च

सूनबाईने फोनवरचा उपाय दाखवला. शंभराचे सत्त्याण्णव! मी तर नाचायच्या बेतात. पण त्याआधी त्या फोनला माझं तोंड बघायचं होतं.

"काकू, त्या गोलात चेहरा धरा."

"कुठल्या गोलात?"

"तो काय, निळा!"

निळा असेल बापडा. मला नुसता धुरकट पांढरा उजेड दिसत होता. फोन म्हणे डोळे मिचकवा. मिचकवले. म्हणे सरळ बघा. मी सरळच बघत होते, तो कपाटाकडे होता. चार वेळा केलं. शेवटी फोननेच सांगितलं, पुन्हा कधीतरी प्रयत्न करा. अगदी शहाण्या साहेबासारखं!

सूनबाई म्हणाली, माझ्या फोनवरून पाठवू. नको गं बाई. आपलं धुणं आपल्याच दोरीवर.

थोडक्यात, सगळ्यांत स्वस्त वाट आहे, पण ती दिसण्यासाठी डोळा नीट हवा. आणि डोळा नीट करायचे पैसे तर मी धाकट्याला पाठवतेय! हसावं की रडावं?

८ मार्च

सुई ओवायला आज तीनदा ह्यांची गरज पडली. तिसऱ्यांदा हाक मारायच्या आतच आले.

१० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. "डिसेंबरात सांगितलं होतं ना? उजवा मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी थांबलात तर माझ्या हातात राहणार नाही. मग शिवणकाम विसरा." एवढं बोलून वर हसल्या. हसायचं काय त्यात!

 घरी येताना रस्ता ओलांडायच्या वेळी ह्यांनी माझा दंड घट्ट धरला.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. पहिलाच प्रश्न — "ताई, डोळा काय म्हणतोय?"

म्हटलं, "झकास! गरुडासारखा. तुझं कामाचं काय?"

"बघतोय गं. मिळेल."

मागे कसली तरी मोठी घरघर चाललेली. म्हणाला, शेजाऱ्याचं कपडे धुवायचं मशीन आहे. दुपारी, रात्री, कधीही फोन करा, ते आपलं सुरूच. बिचाऱ्याला शेजारही धड मिळाला नाही.

ठरलं. या महिन्याचे पैसे आधी त्याला. डोळा पुढच्या महिन्यात बघू. एक डावा आहेच की.

१४ मार्च

जेवताना हे एकदम म्हणाले, "बुधवारी ऑपरेशन आहे तुझं. पैसे भरून आलो."

घास हातातच राहिला. "कुठून आणले?"

"जुळवले."

जुळवले! ह्या माणसाला चाळीस वर्षांत दोन मोजे जुळवता आले नाहीत!

ते झोपल्यावर घर धुंडाळलं. घड्याळ जागेवर. अंगठी बोटात. स्कूटर खाली उभी, नेहमीसारखी रुसलेली. मग विकलं काय? कर्ज काढलं का? ह्या वयात कुणापुढे हात पसरला असेल तर मी ते ऑपरेशन करून घेणार नाही. बघतेच.

१५ मार्च

सकाळी बोलणं काढलं. म्हटलं, "दवाखान्यातून पैसे परत आणा आणि धाकट्याला पाठवा. त्याला जास्त गरज आहे."

"तुझ्या धाकट्याला विचार. तोही म्हणेल, आधी डोळा."

"त्याला कशाला त्यात ओढता? त्याची त्याला विवंचना कमी आहे?"

हे उठून गॅलरीत गेले. पाठ माझ्याकडे, पण खांदे हलत होते. मी इथे जिवाच्या आकांताने बोलतेय आणि हा माणूस हसतोय! दिवसभर बोलले नाही. त्यांनी आपणहून भांडी घासली. म्हणजे काहीतरी नक्की केलंय.

१८ मार्च, मंगळवार

उद्या ऑपरेशन. डोळ्यावर पट्टी बसायच्या आत धाकट्याचे पैसे पाठवावेत म्हणून कोपऱ्यावर गेले. टायवाला उठून उभा राहिला. "मावशी, तुम्हाला सवलत लागली! एकाच पत्त्यावरून पाठवणंही आणि घेणंही असलं, की आमचा वाटा निम्मा."

"घेतं कोण आमच्याकडे?"

"काका की! दर महिन्याला. तुम्ही पाठवलेत की आठवड्याच्या आत तुमच्या भावाकडून येतात. जानेवारीपासून तर तुम्ही पाठवता त्याच्या दीडपट." मग माझं तोंड बघून जीभ चावली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बाकावर बसले. पाणी प्यायले. म्हणजे धाकट्याला काम केव्हाच लागलंय, ती घरघर त्याच्या कामावरचीच, आणि डोळ्याचे पैसेही त्याचेच! दोन्ही लबाडांना मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

"मग आज पाठवायचे नाहीत का, मावशी?"

"पाठवायचे नाहीत? पैसे आले नाहीत तर त्याला कळेल ना, मला कळलंय ते! लाव ती सवलत."