कल्याणप्पाची मेंढरं आणि भरिताची वांगी

धाराशिव
२० जून १९५९

ती. आजीस,
सत्यभामेचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल. कचेरीनं यांना राहायला एक खोली दिलीय, मागं परसही आहे. पण मुरूम असा की कुदळ मारली तर ठिणगी उडते. सासूबाई अणदूरहून येऊन सगळं बघून गेल्या. म्हणाल्या, हिला संसार येत नाही. यंदा चंपाषष्ठीचा नैवेद्य इथंच करू. खंडोबाच्या भरिताला परसातली वांगी निघाली तर ठीक, नाहीतर सहा महिने माझ्याबरोबर अणदूरला चल, शिकवते. हे आईपुढं मान खाली घालून उभे.

आजी, लग्नाला वर्षही झालं नाही, मला जायचं नाही. जमीन कशी सुधारू? शेजारच्या फातिमाबी ताजं शेण द्यायला तयार आहेत. पत्राची वाट बघते.

तुमची,
सत्यभामा

तेर
२९ जून १९५९

चि. सौ. सत्यभामेस,
आजी कडूबाईचे अ. उ. आ.

पत्र शेजारच्या बाबामियाँ मास्तरांकडून लिहून घेते. त्यांची अट आहे, शिव्या लिहिणार न्हाय. म्हणून तुझ्या नवऱ्याबद्दल यात काही न्हाय.

ताजं शेण झाडाला घालू नकोस. मातीत ते तापतं, मुळं भाजतात. फातिमाबींचं शेण खड्ड्यात कुजू दे, पुढल्या साली कामाला येईल. यंदा मेंढरं बसव. आपल्या वावरात कल्याणप्पा धनगर कळप बसवायचा, आठवतं का? लेंड्या जाग्यावर पडतात, वाहून न्यायची दगदग न्हाय. तो आषाढात तिकडं येणार हाय, त्याला तुझा पत्ता दिलाय. दोन दिवस कळप बसव, मग माती वरखाली कर, मग रोपं लाव. बाबामियाँना सांगून हे ‘मग’ दोनदा लिहायला लावलंय.

लोभ हायच, तो कुजत न्हाय.
तुझी आजी

धाराशिव
२४ ऑगस्ट १९५९

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुमचा कल्याणप्पा आषाढात आलाच नाही. वाट बघून मी रोपं लावली. वांगी गुडघ्याएवढी झाली आणि परवा हा दारात हजर, मागं चाळीस मेंढरं. आजीनं धाडलं, म्हणाला. तुम्ही धाडलेल्या माणसाला परत कसं पाठवू? वाटलं, मेंढरं गवत खातील, काटेरी वांगी कशाला खातात. त्याला चहा केला. कळपात सहा शेळ्याही होत्या हे त्याचा चहा संपल्यावर कळलं.

आता परसात वीस खुंट आहेत आणि लेंड्यांचा सडा. कल्याणप्पा जाताना म्हणाला, खत झकास पडलंय बाई.

हे म्हणतात, चंपाषष्ठीला बाजारातून वांगी आणू आणि दोऱ्यानं खुंटांना बांधू. मी खुंट उपटायलाच निघाले होते, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. अणदूरची पेटी भरू का?

तुमची,
सत्यभामा

तेर
१ सप्टेंबर १९५९

चि. सौ. सत्यभामेस,
आजीचे अ. उ. आ.

वरचा शाईचा डाग बाबामियाँचा. तुझं पत्र वाचताना त्यांना हसू आवरलं न्हाय.

पोरी, ‘मग’ म्या दोनदा लिहायला लावलं, तू एकदाही वाचलं न्हाईस. पेटी भरू नको, खुंट उपटू नको. शेंडा खाल्ला म्हणून वांगं मरत न्हाय, बगलंतून फुटतं. लेंड्या खोडाला चिकटू देऊ नको; वीतभर लांब मातीत मिसळ, पाणी घाल आणि तीन आठवडे तिकडं बघू नको. तू बघशीलच, पण माझं सांगायचं काम.

दोऱ्याचं सोड. तुझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं वांगी तोडलीत, देठ बघून बाजार कुठला ते सांगतील. जावईबापूंना म्हणावं, कचेरीतलं डोकं कचेरीतच वापरा.

तुझी आजी

धाराशिव
१० डिसेंबर १९५९

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

खुंट फुटले. एकेकाला चार-चार फांद्या आल्या आणि वांगी अशी धरली की फांद्यांना टेकू द्यावा लागला.

चंपाषष्ठीला सासूबाई आल्या त्या थेट परसात. देठ बघितला, माती चिमटीत धरून हुंगली, म्हणाल्या, मेंढरं बसवलीस व्हय? मी शेळ्यांचंही सांगून टाकलं. हसल्या नाहीत, पदर खोचून वांगी तोडायला लागल्या. खंडोबाला भरीत-रोडगा दाखवला, चातुर्मासापासून सोडलेलं वांगं तोंडात घातलं आणि भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आजी, मी अणदूरला जात नाही.

पण त्याही जात नाहीत. म्हणतात, एवढी सोन्यासारखी बाग हिच्या हाती सोडून कशी जाऊ? मिरची लावलीय, लसूण लावलाय. जायचं शिमग्यानंतर बघू म्हणतात. खोली एकच. हे बाहेर ओट्यावर निजतात, थंडी मरणाची.

तुमची,
सत्यभामा

तेर
१७ डिसेंबर १९५९

चि. सौ. सत्यभामेस,
आजीचे अ. उ. आ.

वांग्याचं ऐकून बरं वाटलं, ओट्याचं ऐकून हसू आलं. बाबामियाँ म्हणाले, हे लिहू नये. म्या म्हटलं, लिहा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची मिरची गुडघ्याएवढी होऊ दे. कल्याणप्पा सध्या येरमाळ्याकडं हाय, शेळ्या आता अकरा झाल्यात. नुसता निरोप धाडायचा अवकाश. तू फक्त चहाचं आधण ठेव.

लोभ हाय तसाच असू दे, आणि परसाचं दार उघडं.
तुझी आजी